मयुरीचं दुसरं कडवं

मयुरी चांगली मुलगी नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हल्ली तिच्याबद्दल बोलणारे दोनच प्रकारचे लोक मला भेटतात. मोबाइलवरची ती क्लिप पाहून हसणारे, आणि तीच क्लिप पाहून "बिचारी" म्हणणारे. मी तिला क्लिपच्या आधीपासून ओळखते. बिचारी तर ती मुळीच नव्हती. समोरच्या माणसाचं नेमकं कुठे दुखतं ते आधी हेरायचं आणि मग तिथेच बोट रोवायचं, ही तिची रीत. आवाज मात्र देवाने हात सैल सोडून दिला होता.

माझं लाखांदूरला पार्लर आहे. लग्नसराईत नवऱ्या सजवते आणि दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकवाल्यांची तोंडं रंगवते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई, सोयरे-धायरे येतात, दिवसा दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ आणि दुकानं, रात्री नाटक. नाटकात गाणी लागतातच, आणि दिसायला देखणी असलेली प्रत्येक नटी गाऊ शकत नाही. मग विंगेत, ऑर्गनवाल्याच्या बाजूला, एक गाणारी बसवतात. समोरची ओठ हलवते, मागची गाते. प्रेक्षकांना हे ठाऊक असतं आणि नसतंही. मयुरी ही अशी मागे बसणारी.

दिघोरीच्या देवरावची ही थोरली. घरी थोडं धान, दोन म्हशी. जन्मतःच वरचा ओठ फाटलेला होता, तो लहानपणी कुठल्याशा शिबिरात शिवून आणला. बोलताना फारसं कळत नसे, पण वरच्या सुरात गेली की शिवण ताणली जायची आणि सगळं तोंड डावीकडे ओढलं जायचं. म्हणून गाताना ती डावा तळहात गालावर दाबून धरायची. लोकांना वाटायचं, मोठ्या गवयासारखी कानावर हात ठेवते. ती तोंड सरळ धरून ठेवत होती, एवढंच.

पहिल्यांदा ती मेकअपच्या खोलीत आली, तेव्हा मी सहज म्हटलं, "बस, तुलाही थोडी पावडर लावून देते."

"कायले?" ती म्हणाली. "पडद्याले लावा नं पावडर. लोकं थोच पाहून राहतीन."

एकवीस-बावीसची पोरगी आणि हे तोंड. मला ती तिथेच आवडली, आणि हिच्यापासून जरा जपून राहावं असंही वाटलं.

तिचं काम पाहण्यासारखं होतं. पडद्याच्या खालच्या फटीतून ती नटीच्या टाचांकडे बघत बसायची. चेहरा दिसत नसला तरी टाच दिसते, आणि टाचेवरून हिला सगळं समजायचं: बाई आता श्वास घेणार, आता गिरकी मारणार, आता शब्द विसरली. त्याप्रमाणे ही सूर लांबवायची, तोडायची, मध्येच एखादी हरकत घालून वेळ मारून न्यायची. ओठ आणि आवाज यांत केसाचंही अंतर पडायचं नाही. "मुडदा उभा करा समोर," ती म्हणायची, "त्याच्या ओठावर बी गानं बसवून देतो का नाई पाहा."

दोन हंगाम ती शकूबाईंच्या मागे गायली. शकूबाई एकेकाळच्या नावाजलेल्या नटी. पन्नाशी कधीच ओलांडलेली, गळा पार बसलेला, पण नायिकेचं काम सोडवत नव्हतं. मयुरीने काय केलं, तर स्वतःचा आवाज बाजूला ठेवून शकूबाईंच्या जुन्या आवाजाची नक्कल उचलली. तोच थोडा नाकातला सूर, 'स' म्हणताना तीच किंचित शीळ. जुने प्रेक्षक डोळे पुसायला लागले की बाईंचा गळा परत आला. वाईट असं झालं की हळूहळू बाईंनाही तसंच वाटायला लागलं. त्या पहाटे उठून रियाज करू लागल्या, आंबट बंद केलं, प्रयोगाच्या आधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करू लागल्या. एका दुपारी त्या अशाच गुळण्या करत होत्या आणि मयुरी चहा पीत बाजूला बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "बाई, घसा कायले शेकता? तोंड तं हालवाचं हाय फक्त. ओठाले व्हॅसलिन लावा."

शकूबाईंनी पेला खाली ठेवला आणि त्या हंगामानंतर त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मी मयुरीला म्हटलं, की असं बोलायला नको होतं. ती म्हणाली, "दोन वर्सं मायं सामान वापरलं त्यायनं. वापस मांगितलं तं काय चुकलं?"

नकला हा तिचा दुसरा धंदा होता. माझ्या पार्लरसमोर राहणारी बेबी, तिची खाष्ट सासू वारून महिनाही झाला नव्हता, तर मयुरीने खिडकीआडून सासूच्या आवाजात हाक मारली, "बेबे, चहा ठेवला का व?" बेबीच्या हातातलं ताट पडलं आणि ती दारात येऊन उभी राहिली. आम्ही हसलो, मीही हसले. बेबी रडायला लागली तेव्हा मयुरी म्हणाली, "सुनेले सासू आठवली. पुन्य लागन मले." दुसऱ्याचा आवाज तिला एकदा ऐकला की पुरे, पाठ व्हायचा. माणूस मात्र पाठ व्हायचा नाही, आणि तशी तिची इच्छाही नव्हती.

तिचा गुरू विचाराल तर राइस मिल. दिघोरीत त्यांच्या घराला लागूनच मिल होती. मोटर सुरू झाली की सकाळपासून एक सूर धरून बसायची, आणि ही पोरगी अंगणात तांदूळ निवडता निवडता त्या सुरावर गायची. मिलच्या वर आवाज काढायचा म्हणजे छातीतून काढावा लागतो, त्यामुळे तिचा गळा असा दणदणीत झाला. एकदा ती चिडूनच पार्लरमध्ये आली. "मिलवाल्यानं मोटर बदलवली ताई. सूर चढला त्याचा. आता मले बी चढा लागते." आणि खरंच, त्या वर्षी तिचा आवाज आणखी वर गेला. फुटला नाही, पातळ झाला नाही, नुसता वर गेला. तो सूर लागला की माझ्या हातातला ब्रश थांबायचा. शब्द काही का असेनात, अंगावर काटा यायचा आणि आपलंच काहीतरी हरवलेलं आठवल्यासारखं व्हायचं. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण हे मी खोटं सांगत नाही.

आता तिला हवं काय होतं, ते सांगते. नाटक सुरू होण्याआधी माइकवरून सगळ्यांची नावं घेतात. लेखक, नट, नट्या, ऑर्गन, तबला, लाइटवाला, अगदी 'रंगभूषा' म्हणून माझंही. विंगेतल्या गाणारीचं नाव तेवढं घेत नाहीत, कारण ते घेतलं तर समोरच्या बाईची लाज जाते. ही नावं चालू असताना मयुरी हमखास पाणी प्यायला उठायची. नेमकं तेव्हाच. एकदा मी विचारलं तर ती हसली नाही, टोमणाही मारला नाही.

"ताई, एक डाव दिघोरीच्या मंडईत मायं नाव माइकवरून आलं पाह्यजे. बाबाच्या देखत. गायिका मयुरी देवराव. बस. मंग गाव काई बी म्हनो."

तेवढ्यासाठी तिने अल्बम काढला.

अल्बम म्हणजे आता काही कॅसेट राहिलेली नाही. पाच-सहा गाणी करायची, त्यातल्या एकाचा व्हिडिओ करायचा आणि मोबाइलवर चढवून द्यायचा. ते करणारा होता टोनी भाऊ. मूळचा तानबा, तुमसरकडे लग्नाच्या शूटिंगा करायचा. चॅनल काढल्यावर तानबाचा टोनी झाला, केस पिवळे केले आणि बोलताना दर वाक्याला "प्रोफेशनल" म्हणायला लागला. त्याचा स्टुडिओ म्हणजे भावाच्या कांद्याची खोली. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला गोधडी. मेकअपचा काही संबंध नसताना मयुरीने मला सोबत नेलं. एकटी जायला घाबरत होती असं ती कधीच कबूल करणार नाही.

गाण्याचे बोल टोनीनेच लिहिले होते. 'गल्लीत तुया नेटवर्क नाही' असं ते मुख्य गाणं. पहिल्या कडव्यात पोरगी मोबाइल घेऊन गल्लीत फिरते, दुसऱ्यात टावरवर चढून हाक मारते. यापेक्षा भिकार काही लिहायचं ठरवलं तरी जमणार नाही. पण दुसऱ्या कडव्यात "टावरवर चढून" म्हणताना चाल एकदम वर जाते, आणि मयुरीने तिथे जो सूर लावला, त्याने गोधडीमागे चहा घेऊन आलेला पोऱ्या तसाच उभा राहिला. ते टुकार शब्द, आणि वाटत होतं की खरोखर कोणीतरी फार उंचावर एकटं उभं आहे आणि खालून कोणी वर बघत नाही.

टोनी म्हणाला, "एक नंबर. आता थोडं मशीनमधून काढून प्लेन करून घेतो."

"माया आवाजाले इस्त्री करशीन का?"

"प्रोफेशनल असतेच तसं."

"मंग तुया चेहऱ्याले बी काढ नं मशीनमधून," मयुरी म्हणाली. त्याने आवाजाला हात लावला नाही. हे एक तिने जिंकलं.

व्हिडिओत तोंड कोणाचं, यावर भांडण झालंच नाही. टोनी घसा खाकरत होता, तेवढ्यात तीच म्हणाली, "मायं थोबाड पाहून कोन बटन दाबन? आन कोनी तरी. पन नाव मायं पाह्यजे." त्याने आणली बपेऱ्याची रीना. अठरा-एकोणीसची, गोरी, भित्री, राज्याच्या सीमेपलीकडच्या आजोळात वाढलेली, निम्मं हिंदी बोलणारी. टोनीने तिची रिया केली. तिला गाण्यातलं ओ का ठो येत नव्हतं, पण ओठ कसे हलवायचे ते मयुरीने तिला माझ्या पार्लरच्या आरशासमोर बसवून शिकवलं. शिकवताना चिमटे काढायची, अक्षरशः. "इथं तोंड उघड. एवढं नाई, मासोळी हायस का?" रीना "हो दीदी, हो दीदी" करत शिकली. मयुरीला दीदी म्हणणारी ती जगात एकटीच असावी. तिला मयुरीचा आवाज इतका आवडायचा, की ऐकता ऐकता ओठ हलवायची विसरायची आणि पुन्हा चिमटा खायची.

व्हिडिओ लागला, बरा चालला, आणि दिवाळीनंतर दिघोरीच्या मंडईत अल्बमचा जाहीर कार्यक्रम ठरला. दुपारची वेळ होती. दंडार नुकती संपलेली, जिलबीच्या कढया चढलेल्या, बांगड्यांच्या दुकानांपुढे बायांची झुंबड. स्टेजच्या बाजूला रीनाच्या चेहऱ्याचा मोठा बॅनर लावला होता. खाली 'गायिका : मयुरी' असं होतं, पण त्यावर मंडपाचा बांबू आला होता. मयुरी नवीन साडी नेसून आली होती. मोरपंखी. तिला मी पहिल्यांदाच साडीत पाहिलं आणि पहिल्यांदाच तिने माझ्याकडून पावडर लावून घेतली. गाणी टेपवर वाजणार, रीना नाचणार आणि शेवटी टोनी मयुरीला पुढे आणून नाव पुकारणार, असं ठरलं होतं.

तिथे मंडईची कमिटी अडली. "मागच्या साली टेप लावून बाई नुसतीच नाचली, गावानं मंडप उखडला," अध्यक्ष म्हणाले. "औंदा टेप नाई चालत. लाइव्ह पाह्यजे."

टोनी धावत विंगेत आला. "मयुरी, पहिलं गानं पडद्याआडून मार. तुले काय नवीन हाय? मंग मी सोता तुयं नाव घेतो अन् समोर आनतो. आईची आन."

मयुरीने माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि ऑर्गनच्या बाजूला आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. नव्या साडीत, खाली फटीशी मान वाकवून.

पहिलं कडवं झकास झालं. रीना इतकी गर्दी बघून गारठली होती. एका ओळीला शब्दच विसरून पाठमोरी झाली, तर मयुरीने टाच पाहून ती ओळ तिथेच अशी गुंडाळली, की लोकांना तीच खुबी वाटली. टाळ्या पडल्या आणि बक्षिसं सुरू झाली.

आमच्याकडे गाणं आवडलं की माणूस स्टेजवर चढून नोट देतो. गाणं तिथेच थांबतं, माइकवरून देणाऱ्याचं नाव पुकारतात आणि कलाकाराने नोट कपाळाला लावून, नाव घेऊन, आभार मानायचे असतात. रीनाच्या हातातला माइक दाखवण्यापुरता, बंद ठेवलेला होता. म्हणजे आभारसुद्धा मागून मयुरीनेच मानायचे.

"कोकिळाकंठी रियाच्या गोड गळ्याला उपसरपंचांकडून सप्रेम भेट," निवेदक म्हणाला.

"मी रिया, उपसरपंचसाहेबांची आभारी आहे," मयुरी मागून म्हणाली. रीनाच्याच पातळ आवाजात, तिच्या बपेऱ्याच्या हेलासकट. दुसरं बक्षीस आलं, पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा स्टेजवर चढला तो देवराव.

देवराव म्हणजे रिकाम्या रस्त्यातही कडेने चालणारा माणूस. धुतलेला सदरा घालून आला होता, नोटेची घडी मुठीत. निवेदक परगावचा, त्याला कोण कुठला काय माहीत. त्याने नाव विचारलं आणि पुकारलं, "दिघोरीचेच देवरावजी, यांच्याकडून रियाच्या गोड गळ्याला सप्रेम भेट." गावातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं हा कोणाचा बाप आणि गळा कोणाचा. कोणी बोललं नाही. देवराव एक शब्द बोलू शकला असता. त्याने नोट रीनाच्या हातात दिली, तिच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं, हात जोडले आणि उतरला.

मी मयुरीच्या बाजूलाच उभी होते. ती म्हणाली, "मी रिया. देवरावजींची आभारी आहे." आवाज जराही हलला नाही. मला तो क्षण आजही सोसत नाही.

मग दुसरं कडवं. तिने गालावर तळहात दाबला, "टावरवर चढून" म्हणत सूर चढवत नेला, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत नेला, आणि थांबली. माइक मांडीवर ठेवला, बाजूचा पेला उचलला आणि पाणी प्यायली.

पुढे रीनाचं तोंड उघडंच राहिलं. आवाज येईना. तिने ते मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. ऑर्गनवाला दोन सूर वाजवून थांबला. मग गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आवाज कुठं गेला ओ बाई?" हशा असा उसळला की जिलबीवाले झारे टाकून बघायला आले. शिट्ट्या वाजल्या, मोबाइल वर झाले. रीना पडद्याकडे वळली. माइक बंदच होता, पण पडद्याच्या कडेतून तिचे ओठ मला वाचता आले. ती "दीदी" म्हणत होती.

जी पोरगी मुडद्याच्या ओठावर गाणं बसवायच्या बाता करायची, तिने जिवंत, घाबरलेल्या पोरीला उघड्यावर सोडलं. टोनीला नाही, निवेदकाला नाही, कमिटीला नाही. जी सगळ्यांत दुबळी होती तिला.

पण दैव मयुरीलाही सोडणार नव्हतं. दोन-तीन टवाळ पोट्टे स्टेजवर चढले आणि त्यांनी पडदा ओढला. पेला हातात घेतलेली, मोरपंखी साडीतली मयुरी सगळ्या मंडईसमोर आली. घाईत घोट गिळताना तोंड वाकडं झालं होतं. तिच्याच गावचा कोणीतरी म्हणाला, "अरे, थे तं वाकडतोंडी." दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा होता. क्लिपमध्ये दोन्ही नीट ऐकू येतात.

मी रीनाला आत घेऊन आले. ती हुंदके देत होती. मयुरी तिच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "रडू नोको, काजळ पसरते." मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मंडपाबाहेर देवराव सायकल धरून उभा होता. मयुरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, बक्षीस तिले काहून देल्लं?"

"तुलेच देल्लं व," तो म्हणाला. मग जरा अडखळत, अगदी मायेने म्हणाला, "तिचं तोंड पाहून वाटलं, तुया आवाज असाच दिसत असन."

मयुरी पदर सावरून सायकलीच्या मागे बसली आणि घरी गेली.

क्लिप आठवड्याभरात सगळ्या जिल्ह्यात फिरली. भंडाऱ्याच्या कॉलेजात पोरं एकमेकांसमोर तोंड उघडून मिटायला लागली. रीनाची ठरलेली सोयरीक मोडली. नवऱ्या मुलाच्या मोबाइलवरही ती क्लिप आली होतीच. मयुरीचा अल्बम शेवटी लोकांनी शोधून शोधून ऐकला, पण कसा, तर जिथे ती थांबली होती तिथपर्यंत. तिथे आले की हसायचे आणि बंद करायचे.

दुसऱ्या कोणी या दोघींचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. टोनीने पाहिलं. "प्रोफेशनल चान्स हाय," तो म्हणाला आणि पुढच्या हंगामापासून त्याने त्या फजितीचाच आयटम केला. रीना समोर ओठ हलवणार, मयुरी मागून गाणार, दुसऱ्या कडव्यात थांबणार, रीना रडणार, पडदा ओढायचा, खलास. गावोगावच्या मंडया आधीच बुक झाल्या.

रीना का आली, ते कळण्यासारखं होतं. घरी तिला कोणी विचारत नव्हतं आणि हसं तर होऊनच गेलं होतं. मयुरी का आली, ते मी तिलाच विचारलं. तिने टेबलावरचा माझा कंगवा उचलला आणि त्याच्या दातांवरून नख फिरवत राहिली.

"नाव तं घेतात नं ताई," ती म्हणाली.

आणि घ्यायचेही. निवेदक छाती फुगवून पुकारायचा, "आणि पडद्याआड आहे ती एकमेव, गायिका मयुरी देवराव!" टाळ्या कडाडायच्या. गाण्यासाठी नाही, थांबण्यासाठी. दिघोरीच्या मंडईतसुद्धा तिचं नाव याच तऱ्हेने पुकारलं गेलं. देवराव त्या दिवशी आला होता की नाही, ते मी विचारलं नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते लाखांदूरजवळच्याच एका मंडईत. त्यानंतर मी नाटकांची कामं कमी केली आणि आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्या दुपारी मी रीनाला नेहमीसारखं पसरणारं काजळ घातलं. टोनीची तशी मागणीच असायची, अश्रू लांबून दिसले पाहिजेत. रीना आता भीत नव्हती. नोटा झाडून घ्याव्यात तसा हशा झाडून घेत होती. आयटम झाला. मयुरी थांबली, लोक हसले, पडदा ओढला गेला, पुन्हा हसले, कोणीतरी ठरलेला शब्द ओरडला आणि माणसं जिलबीकडे पांगली. माइकवाल्याने वायर काढली. पडदा परत सारला.

मी आत सामान आवरत होते. रीना आरशासमोर बसून कापसाने काजळ पुसत होती. मयुरी ऑर्गनच्या बाजूला तशीच बसून होती. तिने डावा तळहात गालावर ठेवला आणि जिथे थांबली होती तिथून पुढे गायला लागली. माइक नाही, ऑर्गन नाही. 'टावरवर चढून' आणि तो सूर. राइस मिलच्या वर काढलेला, इस्त्री न केलेला. त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या मुलीला हे एवढंच येत होतं आणि एवढंच कोणाला नको होतं.

"आता कोनासाठी व?" मी विचारलं.

ती दोन ओळींच्या मध्ये म्हणाली, "अर्ध्यात सोडलं का घसा दुखते ताई," आणि पुढची ओळ उचलली.

मी आरशात पाहिलं. रीनाचा हात थांबला होता. अर्धा चेहरा काळा, अर्धा पुसलेला, आणि ओठ हलत होते. मयुरीच्या आवाजाबरोबर, अक्षराला अक्षर, कुठे चुकत नव्हते. तिला ते ठाऊक तरी होतं की नाही कोण जाणे.

पडद्यापलीकडून निवेदकाने डोकं आत घातलं. "ओ बाई, हळू. कमिटीच्या भोंग्यावर अनाउन्समेंट होऊन राहिली बाहेर. एक पोरगं हरवलं हाय."

मयुरी थांबली. या वेळी रीनाचे ओठही तिच्याबरोबरच मिटले.